मानेसरची मोटार आणि ह्यूमाचे वडील

दिल्लीहून जयपूरकडे निघालेल्या गाडीतून गुरुग्रामचे काचेचे मनोरे मागे पडतात आणि हळूहळू अरवलीच्या बुटक्या, काटेरी टेकड्या दिसू लागतात. दिल्लीच्या विमानतळापासून तीसएक किलोमीटर अंतर कापले, की रस्त्यावरच्या पाट्या बदलतात. मोठमोठ्या मॉलची नावे संपतात, पिस्टन, रबरी नळ्या, सीट, काचा आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यांची नावे सुरू होतात. कित्येक पाट्यांवर जपानी नावेही आढळतात. हे मानेसर.

मराठी माणसाला हे नाव खऱ्या अर्थाने कळले ते नोव्हेंबर २००८ मध्ये. मुंबईवरच्या हल्ल्याच्या वेळी ताज, ओबेरॉय आणि नरीमन हाउसमध्ये शिरलेले एनएसजीचे काळ्या वेशातील कमांडो याच मानेसरच्या तळावरून आले होते. त्यांचा तळ टेकड्यांच्या आडोशाला आहे आणि तिथे सामान्य प्रवाशाला अर्थातच प्रवेश नाही. मेंदूवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही येथेच आहे. पण मानेसरची रोजची ओळख आहे ती चाकांची. होंडाने २००१ मध्ये येथील कारखान्यातून स्कूटर काढायला सुरुवात केली. मारुती सुझुकीचा दुसरा मोठा कारखाना २००६-०७ च्या सुमारास उभा राहिला आणि स्विफ्ट, डिझायरसारख्या गाड्या येथून देशभर गेल्या. आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा जन्म या धुळीच्या गावात झाला, हे तिच्या मालकाला बहुधा ठाऊकही नसते!

मानेसरला पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत फारसे सापडणार नाही. संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळी मात्र येथील रस्ते पाहावेत. करड्या, निळ्या गणवेशातील हजारो तरुण मुले बसमधून, सायकलवरून, पायी परतत असतात. त्यांची घरे अलियर, ढाणा, कासन अशा जुन्या गावांत आहेत. शेतकऱ्यांनी आपल्या जागेवर भाड्यासाठी खोल्या बांधल्या आहेत. मधोमध अंगण, भोवती एकाला एक चिकटलेली दारे, एका खोलीत तीन-चार मुले. मुंबईकराला हे दृश्य पाहून चटकन चाळ आठवते.

जपानी माणसाला आठवते ती ‘नागाया’. नागाया म्हणजे जपानी शहरांतील कष्टकऱ्यांची लांबलचक, एकमजली चाळच. आणि नागाया म्हटले, की साठी ओलांडलेल्या जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे एक घर हटकून उभे राहते. त्या घराच्या भिंतीला एक भोक आहे. एक लहान मुलगा त्या भोकातून चेंडू फेकतो, चेंडू बाहेरच्या झाडावर आपटतो आणि त्याच भोकातून परत त्याच्या हातात येतो. घरात दोन जीव त्याच्याकडे पाहत आहेत, काळजीने बघणारी बहीण आणि दगडासारखा बसलेला बाप.

ही ह्यूमा होशीची गोष्ट. मानेसरशी तिचा संबंध काय, ते पुढे येईलच. गंमत अशी, की ही गोष्ट आधी चित्रकथा होती, मग दूरचित्रवाणीवरची मालिका झाली आणि तब्बल चाळीसपेक्षा अधिक वर्षांनी मुंबईत येऊन पोहोचली. या प्रवासात तिच्यातील माणसे बदलत गेली. सगळ्यांत जास्त बदलला तो बाप.

ताऱ्याच्या मागे लागलेला बाप

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात आणि त्यावरून केलेल्या कार्टून मालिकांना ‘अ‍ॅनिमे’. आपल्या घरातील मुलांना हे दोन्ही शब्द आता आपल्यापेक्षा अधिक ओळखीचे आहेत. ‘क्योजिन नो होशी’, म्हणजे ‘जायंट्सचा तारा’, ही मांगा १९६६ मध्ये कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या मुलांसाठीच्या साप्ताहिकात सुरू झाली. इक्की काजिवारा यांनी कथा लिहिली आणि नोबोरू कावासाकी यांनी चित्रे काढली. १९७१ पर्यंत ती दर आठवड्याला चालू होती.

आडनावच ‘होशी’, म्हणजे तारा. बाप इत्तेत्सु होशी हा एके काळी तोक्योच्या योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघाचा खेळाडू. युद्धात जायबंदी झाला, खेळ सुटला, बायको गेली. आता तो मजुरी करतो, दारू पितो आणि स्वतःचे अपुरे राहिलेले स्वप्न मुलाच्या खांद्यावर टाकतो. जायंट्स हा काही कल्पनेतला संघ नव्हे. १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षे त्या संघाने जपानचे अजिंक्यपद जिंकले, आणि त्याचे खरेखुरे खेळाडू आपापल्या नावांनिशी या कथेत वावरतात. शिवाजी पार्कवर नेट बांधून गोलंदाजी करणाऱ्या एखाद्या काल्पनिक मुलाच्या गोष्टीत गावसकर आणि वेंगसरकर येऊन बोलू लागावेत, तसा हा प्रकार!

इत्तेत्सुचे शिक्षण भयंकर आहे. मुलाच्या हातात बळ यावे म्हणून तो त्याच्या अंगावर लोखंडी स्प्रिंगांचा एक सांगाडा चढवतो. शाळेत जाताना, जेवताना, पेन्सिल धरतानाही मुलाने तो सदऱ्याखाली घालायचा. हात हलवला की स्प्रिंग ताणली जाणार. थोरली बहीण अकिको रडते, विनवते, पण बाप ऐकत नाही. ‘इत्तेत्सु’ या शब्दाचा अर्थच मुळी हट्टी, एककल्ली असा आहे.

तरीही मूळ चित्रकथेतला इत्तेत्सु निव्वळ राक्षस नाही. त्याचे मौन, त्याची लाज, मुलाच्या यशाने त्याचे आतल्या आत सुखावणे काजिवारांनी लिहिले आणि कावासाकींनी रेखाटले. वाचक एखाद्या चौकटीवर थांबू शकतो, मागचे पान उलटून पुन्हा पाहू शकतो. बापाच्या कपाळावरची एक आठी वाचकाच्या मनात दोन मिनिटे राहू शकते. कागदावरचे माणूस आपल्या वेगाने वाचता येते, हे कागदाचे फार मोठे सुख आहे.

एकदाच उलटलेले टेबल

३० मार्च १९६८ रोजी ही गोष्ट जपानी दूरचित्रवाणीवर आली. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे नेमकी घरातली सगळी मंडळी जेवायच्या टेबलाभोवती बसलेली असण्याची वेळ. साप्ताहिक वाचत होती ती बहुतेक करून मुलगे. आता समोर आई होती, आजी होती, धाकटी बहीण होती आणि कामावरून परतलेले वडीलही होते.

येथे एक अडचण उभी राहिली. ती पुढे जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय अ‍ॅनिमेच्या वाट्याला आली. चित्रकथा आठवड्याला थोडीच पाने पुढे सरकते. अर्ध्या तासाचा एक भाग ती पाने भराभर खाऊन टाकतो. मूळ गोष्ट अजून लिहून व्हायची असते, आणि शनिवार तर दर आठवड्याला येतोच! मग करायचे काय? ताणायचे. ह्यूमा चेंडू फेकण्यासाठी हात वर करतो आणि तो चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला बालपण आठवते, बापाचे शब्द आठवतात, प्रतिस्पर्ध्यालाही काहीबाही आठवते, प्रेक्षकांत बसलेली बहीण डोळे पुसते. एका चेंडूत अख्खा भाग संपतो अशी थट्टा जपानमध्ये आजही चालते. आपल्याकडच्या पौराणिक मालिकांत सुटलेला बाण जाहिराती संपेपर्यंत आकाशातच असायचा, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

पण ताणल्यामुळे गोष्ट नुसती लांबत नाही, माणसेही बदलतात. कागदावर एका चौकटीत जो चिडला, तो पडद्यावर अर्धा मिनिट थरथरत राहिला तर तापट ठरतो. कागदावर ज्या बहिणीच्या डोळ्यांत एकदा पाणी आले, ती दर शनिवारी आडोशाला उभी राहून रडली की तिची ओळखच रडवी ताई अशी होते.

आणि इत्तेत्सुच्या बाबतीत तर एका छोट्याशा गोष्टीने सारा खेळ केला. जपानी घरात जमिनीवर बसून जेवण्यासाठी एक बुटके टेबल असते. त्याला ‘चाबुदाई’ म्हणतात. मूळ चित्रकथेत हे टेबल उलटण्याचा प्रसंग जेमतेम एकदा येतो. तिथेही बापाने ते मुद्दाम उलटवलेले नसते. तो मुलाला थोबाडीत मारायला उठतो आणि त्या धक्क्याने ताटवाट्यांसह टेबल उलटते. एवढेच. पण मालिकेच्या शेवटी जी नामावली येई, तिच्या मागे हेच दृश्य जोडलेले होते. प्रत्येक भागाच्या अखेरीस गाणे लागायचे, नावे सरकायची आणि इत्तेत्सुच्या घरातील टेबल पुन्हा उलटायचे.

मालिका सप्टेंबर १९७१ पर्यंत चालली. भाग झाले १८२. पानावर एकदाच सांडलेला भात अशा रीतीने आठवड्यामागून आठवडे सांडत राहिला. परिणाम काय झाला? आज जपानमध्ये कोणालाही विचारा, इत्तेत्सु होशी म्हणजे रोज रात्री जेवणाचे टेबल उलथवणारा बाप! ज्यांनी मूळ पुस्तक कधी हातात धरले नाही त्यांनाही हे ठाम माहीत असते. ‘चाबुदाई-गाएशी’, म्हणजे टेबल उलथणे, हा शब्दप्रयोग ऐकला की डोळ्यांपुढे इत्तेत्सुच येतो. निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो एखादे जवळपास पूर्ण झालेले काम नापसंत करून पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात, त्यालाही हाच शब्द वापरला जातो. २००९ मध्ये ताइतो या कंपनीने चक्क असा खेळ बाजारात आणला, की खेळगृहात जाऊन प्लास्टिकचे टेबल उलटवायचे आणि किती नुकसान केले त्याचे गुण मिळवायचे. बिचाऱ्या इत्तेत्सुच्या नावावर केवढी मोठी परंपरा जमा झाली!

मराठी घरांना हा अनुभव अगदीच नवा नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव पुस्तकात प्रत्येक वाचकाचा वेगवेगळा होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो साकारला आणि त्यानंतर पुस्तक उघडले तरी प्रभावळकरच दिसू लागले. गुंड्याभाऊ म्हटले की बाळ कर्वे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा तर शाळकरी पोरगा, सायकलवरून धावणारा, ‘टॉक्’ असा आवाज काढणारा. १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला तेव्हा तो मुलगाच होता. २०१७ च्या चित्रपटात मात्र अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसणारा तरुण झाला. ज्यांनी लहानपणी ती पुस्तके वाचली होती त्यांतील काहींना हे रुचले, काहींना आपला मित्र चोरीला गेल्यासारखे वाटले. दोघांचेही बरोबरच आहे.

आवाजानेही माणूस बदलतो. आपल्या मुलांचा लाडका डोरेमॉन घ्या. फुजिको एफ. फुजिओ यांच्या सुरुवातीच्या चित्रकथांतला हा निळा यंत्रमांजर स्वतःच चांगला वात्रट आणि धांदरट आहे. १९७९ च्या मालिकेत नोबुयो ओयामा या अभिनेत्रीने त्याला आवाज दिला. मुलाला सांभाळायला पाठवलेला यंत्रमानव तोंडाने अर्वाच्य बोलणार नाही, असे तिने मनाशी धरले आणि आपली भाषा त्याप्रमाणे सौम्य ठेवली. २००५ पर्यंत तिनेच तो आवाज दिला. पाहता पाहता डोरेमॉन नोबिताचा खोडकर सोबती कमी आणि काळजीवाहू पालक जास्त झाला. हिंदीतून तो आपल्याकडे आला तो असा आधीच शहाणा होऊन!

इत्तेत्सुच्या नशिबी मात्र पडद्याने एक उलटा न्यायही केला. चित्रकथेचा शेवट कठोर आहे. ह्यूमा आपल्या वडिलांच्याच संघाविरुद्ध अखेरचा सामना खेळतो. एकाही फलंदाजाला तळ गाठू न देता तो जिंकतो, पण त्यात त्याचा डावा हात कायमचा निकामी होतो. मग तो नाहीसा होतो. शेवटी एका जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या लग्नाच्या वेळी तो चर्चबाहेर एकटा उभा दिसतो आणि क्रुसाची सावली त्याच्यावर पडलेली असते. मालिकेचा शेवट निराळा आहे. तिथे सामना संपल्यावर बाप मैदानात येतो, हात गमावलेल्या मुलाला लहानपणीसारखे पाठीवर घेतो आणि दोघे निघून जातात.

शनिवारच्या संध्याकाळी जेवायला बसलेल्या घरांना एकट्याने निघून जाणारा मुलगा दाखवणे जड गेले असणार. कोणता शेवट चांगला? चित्रकथेचा अधिक खरा आहे. त्या बापाने जे पेरले त्याचे ते पीक आहे. पण पाठीवर घेतलेल्या मुलाचे ते दृश्य पाहून ज्यांचे डोळे भरून आले त्यांना खोटे ठरवण्याची हिंमत कोणी करावी? दर आठवड्याला टेबल उलथवून ज्या बापाला पडद्याने नको तितका क्रूर केले होते, त्याच्याच पाठीवर शेवटी मुलाला बसवून त्याची भरपाईही पडद्यानेच केली.

मुंबईचा सूरज

आता मानेसरकडे येऊ.

२०१२ मध्ये कोदान्शा आणि जपानी अ‍ॅनिमे संस्था टीएमएस यांनी ही गोष्ट भारतात आणायचे ठरवले. हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने चित्रीकरणात साथ दिली. विचार असा होता, की साठच्या दशकातील जपान जसा झपाट्याने वर येत होता तसाच आता भारत येतो आहे. गरिबीतून वर चढण्याची ती भूक इथल्या प्रेक्षकाला कळेल. बेसबॉलचे क्रिकेट झाले, तोक्योची मुंबई झाली, नागायाची झोपडपट्टी झाली. ह्यूमाचा सूरज झाला. तारा जाऊन सूर्य आला म्हणायचे! बापाचे नाव श्याम. डिसेंबर २०१२ मध्ये ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही मालिका रविवारी सकाळी कलर्स वाहिनीवर सुरू झाली.

अशा मालिकेला पैसा लागतो आणि तो भारतात माल विकणाऱ्या जपानी कंपन्यांनी दिला. विमानकंपनी ऑल निप्पॉन, वातानुकूलन यंत्रे बनवणारी दाइकिन, नूडल्सवाली निस्सिन, आणि सुझुकी. शिवाय कोकुयो. हे नाव परके वाटले तरी मराठी घराला ते परके नाही. १९३१ मध्ये दांडेकर कुटुंबाने सुरू केलेल्या कॅम्लिनचा मोठा हिस्सा २०११ मध्ये कोकुयोने घेतला. ज्या कंपनीची कंपासपेटी आणि खडूरंग घेऊन मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या शाळेत गेल्या, ती अशा रीतीने एका जपानी चित्रकथेच्या पुरस्कर्त्यांत जाऊन बसली. पुरस्कर्त्यांच्या वस्तू कथेच्या पार्श्वभूमीतच दिसाव्यात अशी ही योजना होती.

सुझुकी म्हणजे भारतात मारुती, आणि मारुती म्हणजे गुरुग्राम आणि मानेसर. येथे मूळ कथेतला एक मजेदार धागा जुळतो. ह्यूमाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी मित्सुरू हानागाता हा कोणाचा मुलगा? ‘हानागाता मोटर्स’ या मोटार कारखान्याच्या मालकाचा! १९६६ च्या जपानमध्ये श्रीमंती दाखवायची तर बापाचा मोटारींचा कारखाना असणे हे सर्वांत ठसठशीत चित्र होते. हा मुलगा चित्रकथेत वयात येण्याआधीच स्वतः स्पोर्ट्‌स कार चालवत येतो, वात्रट पोरांची टोळी बाळगतो. भारतीय मालिकेत हानागाताची जागा घेतली विक्रमने. मोटारकंपनीच पैसे देते आहे म्हटल्यावर बिनपरवान्याचा शाळकरी मुलगा भरधाव गाडी हाकतो, हे दाखवणे कोणालाही अवघडच. जपानमध्ये जी मोटार श्रीमंतांचा उर्मटपणा सांगायला कथेत आली, ती भारतात प्रत्येक घराने घ्यावी अशी वस्तू म्हणून आली.

बापाच्या शिक्षणालाही कात्री लागली. लोखंडी स्प्रिंगांचा तो सांगाडा आजच्या डोळ्यांना उघड छळ दिसला असता. म्हणून सूरजच्या अंगावर सायकलच्या रबरी ट्यूबा आल्या. हा बदल मोठा अक्कलहुशारीचा म्हणायला हवा. गरीब वस्तीत पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब फुकट मिळते. तिचे काय काय करता येते हे आपल्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असते. टेबल उलटण्याच्या प्रसंगातही अन्न वाया जाताना दिसणार नाही याची काळजी घेतली गेली. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्या घरात सांडलेल्या भातावर मुले हसली नसती, आजी उठून टीव्ही बंद करून गेली असती!

खेळाच्या बाबतीत मात्र पंचाईत होती. ह्यूमाचा पहिला जादूचा चेंडू मुद्दाम फलंदाजाच्या बॅटवर जाऊन आपटणारा असतो. बेसबॉलमध्ये तो बॅटला लागून जवळच घरंगळला की फलंदाजाला पळावेच लागते आणि तो सहज बाद होतो. क्रिकेटमध्ये बॅटला चेंडू लागला म्हणून पळण्याची सक्ती नाही. फलंदाज शांतपणे उभा राहील आणि गोलंदाजाला पुढचा चेंडू टाकावा लागेल. अशा युक्त्या जशाच्या तशा उचलून आणण्याजोग्या नव्हत्याच.

सूरजची मालिका सव्वीस भागांची. डोरेमॉन किंवा शिनचॅनइतके तिचे नाव काही झाले नाही. शिनचॅनचा दाखला येथे उपयोगी पडेल. योशितो उसुई यांची ती चित्रकथा १९९० मध्ये मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. त्यातला चावटपणा आईबापांसाठीच होता. १९९२ मध्ये ती मालिका झाली, घराघरांत गेली आणि लहान मुले ती पाहू लागली. भारतात २००८ मध्ये तक्रारी झाल्या, प्रक्षेपण थांबले आणि नंतर काटछाट होऊन ती परत आली. तरीही मुलांना तो पोरगा आवडला, कारण कितीही कापला तरी तो उद्धटच राहिला. सूरजच्या गोष्टीत बापाचा कठोरपणा हाच गोष्टीचा कणा होता. तो जितका मऊ केला तितकी मुलाची धडपड साधी झाली. चांगल्या हेतूने केलेले बदलही कथेला महागात पडू शकतात, ते असे.

त्याच वर्षीचे मानेसर

२०१२ हे वर्ष मानेसरच्या लोकांच्या स्मरणात वेगळ्याच कारणाने आहे. त्या वर्षी १८ जुलैला मारुतीच्या येथील कारखान्यात हिंसाचार झाला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा जीव गेला, अनेकजण जखमी झाले, कारखाना सुमारे महिनाभर बंद राहिला. पाठोपाठ शेकडो कामगारांना कामावरून काढले गेले. पुढे खटला चालला आणि मार्च २०१७ मध्ये तेरा कामगारांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या खोल्यांच्या रांगांत कित्येक घरांची स्वप्ने तेव्हा मोडली. दोन्ही बाजूंची.

मारुतीत सुरुवातीपासून जपानी शिस्तीचे कौतुक होते. साहेब आणि कामगार यांचा गणवेश एकच, उपाहारगृह एकच, साहेबाला वेगळी बंद खोली नाही. ऐंशीच्या दशकात, साहेबाला उठून सलाम करणाऱ्या आपल्या देशात, ही मोठी क्रांती होती. तिचे फळ म्हणून वेळ पाळणारे, नीटनेटके काम करणारे कारखाने उभे राहिले, हे नाकारता येत नाही. पण मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी शिस्त सोसायची किती, हा प्रश्न तिच्याबरोबरच आला. इत्तेत्सुच्या घरातही प्रश्न तोच होता. अंगावर चढवलेल्या स्प्रिंगा हात बळकट करतात, आणि तोच हात एके दिवशी निकामीही होतो. जुलैतल्या त्या घटनेनंतर पाचच महिन्यांनी, त्याच समूहाच्या पैशाने, गरीब वस्तीतला एक मुलगा कष्टाच्या जोरावर वर चढताना रविवारच्या सकाळी टीव्हीवर दिसू लागला. हा योगायोगच. पण दोन्ही गोष्टी जाणणाऱ्याला तो सहजासहजी विसरता येणार नाही.

मुलांना घेऊन या बाजूला यायचे असेल तर हिवाळा निवडावा. उन्हाळ्यात अरवलीचे खडक तापून भट्टी होते. मानेसरहून जयपूरच्या दिशेने थोडे पुढे बिलासपूरला डावीकडे वळले, की तावडूच्या रस्त्यावर हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम लागते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात बैलगाड्या, पालख्या, जुन्या मोटारी, रेल्वेचा डबा, विमान असे काय काय आहे. खेळण्यांच्या मोटारीही आहेत. कारखान्यात आत जाऊन गाडी बनताना पाहणे सामान्य प्रवाशाला जमत नाही, ती हौस इथे भागते. पक्ष्यांची आवड असेल तर सुलतानपूरचे उद्यानही फार लांब नाही. जपानी जेवणाची चव घ्यायची असेल तर मात्र गुरुग्रामला परतावे. जपानी कुटुंबांची वस्ती तिकडेच आहे आणि त्यांच्यासाठी उघडलेली उपाहारगृहेही तिकडेच.

जून २०२५ मध्ये मारुतीच्या मानेसर कारखान्याच्या आवारातच रेल्वेचा फाटा सुरू झाला. आता तयार गाड्या कुंपणाच्या आत आगगाडीत चढतात आणि पातली स्थानकावरून देशभर रवाना होतात. काही बंदरांकडे जातात. त्याआधी, जानेवारी २०१६ मध्ये, मानेसरला बनलेली बलेनो जहाजातून जपानला निघाली होती. मारुतीची गाडी जपानच्या बाजारात विकायला जाण्याची ती पहिली वेळ. तिथल्या खरेदीदारांत शनिवारी संध्याकाळी सात वाजता इत्तेत्सुला टेबल उलथताना पाहत मोठे झालेले लोकही होतेच.